दोन डाव्या बाजू

ता. ६ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

तर सगळ्यात आधी आत आली ती औषधवाल्याची बायको. नवरा बाहेर सायकलला कुलूप लावत राहिला आणि ही बाई सरळ आमच्या मागच्या शेडमधे. मी म्हटलं, "अहो, बसा तरी." तर म्हणते कशी, "बसायला नाही आले आजी, तुमची नात खरंच रंधा मारते का ते बघायला आलेय." मग तो आला. मग त्याचा मेव्हणा आला. त्याचं काही काम नव्हतं, तो नुसता आला आणि दारात उभा राहून उजेड अडवत राहिला. आपली भिंगरी मात्र मान वर करायला तयार नाही. लहानपणी नुसती गरगर फिरायची म्हणून भिंगरी नाव पडलं, आणि आता बघा, हातात गरगर फिरणारं मशीन आलं तेव्हा पोरगी स्वतः खांबासारखी स्थिर. मला इतकं हसू आलं! औषधवालीला वाटलं मी तिला हसले.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं म्हणाल. पण मागच्या वेळी फोन आधी कोणी आपटला ते तुम्हालाही माहीत आणि मलाही. कागद बरा. कागद आपटला तरी आवाज होत नाही.

तर बातमी अशी की भिंगरीला पहिलं काम मिळालं. औषधांच्या खोक्यांसाठी उंच कपाट. सात फळ्या, सगळ्या सारख्या अंतरावर, कारण खोकी सगळी एका मापाची. खाली केरसुणी फिरायला वीतभर जागा, वर उंच बाटल्यांसाठी जरा जास्त. औषधवाला म्हणाला, "फळ्या खिळ्यांवर नकोत, खाचेत बसवलेल्या हव्यात, वजन पडतं." भिंगरी म्हणाली, "खाचेतच बसवते." आणि मला डोळा मारला.

आणि त्यासाठी तिने काय केलं माहितीये? आधी एक साचा केला. प्लायचा चौकोनी तुकडा, त्यात एक लांबट भोक. त्या भोकातून राउटरचं, म्हणजे त्या गरगर फिरणाऱ्या मशीनचं, पातं खाली उतरतं आणि लाकडात खाच पाडत जातं. त्या साच्याच्या पोटाला तिने सागाची एक पट्टी ठोकलीये, खाचेत नेमकी बसेल अशी. पहिली खाच पाडली की साचा उचलायचा, ती पट्टी झालेल्या खाचेत घालायची, की भोक आपोआप पुढच्या खाचेच्या जागी. मग ती पाडायची, पुन्हा पुढे. माप घ्यायला नको, रेघ मारायला नको. आधीचीच खाच पुढचीला जागा दाखवते. मी तोंडाला पदर लावून बघत राहिले. भुग्यासाठीच लावला होता, पण तुम्ही काय समजायचं ते समजा.

हे डोकं आमच्या मिस्त्रींचं, तिच्या आजोबांचं बरं का. ते असते तर त्यांनी तिची पाठ थोपटली असती. त्यांच्याकडे मापाची एक काठी होती, फळ्यांच्या जागांवर खुणा केलेली. तीच काठी पोरीच्या डोक्यात शिरून साचा होऊन बाहेर आली. रक्त आहे ते.

तुमची लेक आणि माझा लेक आहेत तिकडे लांब, त्यांना काय, ते म्हणतात पोरीला हवं तिथे राहू दे. पण पोरगी परवा बोलून गेलीये की ज्या घरात हे पहिलं कपाट उभं राहील त्याच घरात कायमचं दुकान मांडीन. लाकूड माझ्या शेडमधे येऊन पडलंय. तुमचं जुनं शिवणाचं दुकान कोरडं आहे, उजेडाचं आहे, सगळं मान्य. पण लाकूड इथे आहे. तुम्हाला आपलं कळवून ठेवलं.

भिंगरीची आजी
(दोघींतली मोठी)

ता. ११ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. भिंगरीला काम मिळालं याचा आनंद झाला. तिने मला ते त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं.

मिस्त्रींबद्दल मला फार आदर आहे. पण तो साचा काठीतून आलेला नाही. भिंगरी शाळेत जायच्या आधीपासून सुट्टीत माझ्या दुकानात माझ्या शेजारी बसायची. सदऱ्याला काजं पाडताना मी पुठ्ठ्याचा एक तुकडा वापरायचे. त्याला एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला भोक. दात झालेल्या काजात अडकवायचा, भोकातून खडूने पुढच्या काजाची खूण करायची. सगळी काजं सारखी. तो पुठ्ठा आठ वर्षांची भिंगरी खेळायला मागायची. तुम्ही लिहिलेला साचा मी वाचला आणि मला माझा पुठ्ठा दिसला. काठीवर खुणा असतात. काठीला दात नसतो.

लाकूड तुमच्याकडे आहे हे कळलं. कपाटाला बाजू दोन असतात. एक बाजू तुमच्याकडे झाली तर दुसरी माझ्याकडे व्हायला काही हरकत नाही. भिंगरीशी बोलले. ती म्हणाली, "बरं बाई, एक इथे, एक तिथे, पण तुम्ही दोघी भांडू नका." आम्ही भांडत नाही असं मी तिला सांगितलं.

भिंगरीसाठी शिवून पाठवलेला एप्रन मिळाला का? खिसे मुद्दाम खोल ठेवलेत.

भिंगरीची आजी

ता. १७ जानेवारी

विहीणबाई,

एप्रन मिळाला. खोल खिसे छान आहेत. त्यातल्या वरच्या खिशात ती आमच्या मिस्त्रींची चपटी पेन्सिल ठेवते. एप्रन कोणाचाही असो, पेन्सिल कोणाची ते बघायचं.

काजांचा पुठ्ठा वाचून मला रात्रभर उचकी लागल्यासारखं झालं. दात म्हणे! काठीला दात नसतो म्हणे! मी भिंगरीला विचारलं, "खरं सांग, साचा कोणाचा?" तर ती म्हणाली, "आजी, मी फर्निचरच्या कारखान्यात कामाला होते ना, तिथे एका माणसाने दाखवलेला." मग मला जरा बरं वाटलं. कारखान्यातल्या माणसाचा असेल तर असू दे, तो काही नातेवाईक नाही.

आता आमच्या बाजूची हकिगत ऐका. भिंगरीने आधी दोन्ही बाजूंच्या फळ्या एका मापात कापल्या. मग दोन्हींच्या मागच्या कडेला उभी कापणी करून ठेवली, कपाटाची पाठ त्यात बसते. मग एक फळी टेबलावर आडवी घातली, चिमट्यांनी घट्ट धरली. मी म्हटलं, "जमिनीपासून सुरू कर. आमचे मिस्त्री नेहमी जमिनीपासून. घर काय नि कपाट काय, उभं राहतं ते पायावर." तिने खालून वीतभर सोडून पहिली खाच पाडली. राउटर सुरू केला की आमच्या घरातला दिवा मंद होतो, तेवढं एक आहे. शेजारचे म्हातारे भिंतीवर काठी आपटतात, तेही एक आहे. पण खाचा! विहीणबाई, मी प्रत्येक खाचेतून बोट फिरवलं. सायीवरून फिरवल्यासारखं. फळी घालून बघितली, हलकी थाप मारली की आत, आणि ओढली की बाहेर यायला कुरकुर. भिंगरी म्हणाली, "असंच हवं असतं."

आणि ती खुशीत आली की शिट्टी वाजवते हे तुम्हाला माहीत आहे का? मिस्त्री वाजवायचे. तुमच्याकडे वाजवते का? मला नाही वाटत वाजवत असेल. विचारते आपलं.

दुसरी फळी, साचा आणि मशीन घेऊन ती उद्या टेम्पोने तुमच्याकडे येते. टेम्पोवाला घाई करतो, त्याला दम द्या. फळी ओल्या फरशीवर ठेवू नका. आणि तिला रोज काम संपल्यावर तोंडावर पाणी मारायला सांगा, भुगा पापण्यांत बसतो. मी सांगते म्हणून ऐकत नाही, तुम्ही सांगाल तर ऐकेल. हे लिहिताना मला कसं वाटलं ते मी लिहीत नाही.

भिंगरीची आजी

ता. २३ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

फळी पोचली. भिंगरीही पोचली. ओल्या फरशीची काळजी नसावी, माझ्याकडे फरशी ओली नसते. मात्र फळी उतरवताना तिचा एक कोपरा फुगलेला दिसला. बोट दाबलं तर मऊ लागला. तो माझ्याकडे येण्याआधीचा आहे. तुमच्या शेडच्या भिंतीला ओल आहे का? भिंगरीला विचारलं तर तिने विषय बदलला.

काम चांगलं झालं. भिंगरी पात्याला धार लावून आणायला गेली होती, तोपर्यंत मी फळी टेबलावर घेऊन पहिल्या खाचेची रेघ माझ्या खडूने मारून ठेवली. भिंगरीच्या मापांच्या चिठ्ठीवर "कडेपासून वीतभर" असं होतं, तसंच. आम्ही शिवणारे वरून मोजतो. माप खांद्यावरून खाली सोडलं की कपडा अंगावर नीट पडतो. म्हणून वरच्या टोकाला मी बारीक अक्षरात "खांदा" असंही लिहून ठेवलं. भिंगरी आली, रेघ बघितली, म्हणाली, "आजी, तुझी रेघ केसासारखी असते." साचा लावला आणि सगळ्या खाचा एका बैठकीत पाडल्या. माझ्या दुकानात दिवा मंद झाला नाही.

शिट्टी वाजवते. पण इथे ती गाणंही म्हणते.

पाणी मारायला सांगितलं. ऐकलं.

उद्या ती ही बाजू तुमच्याकडे जोडायला आणेल. फळ्या घालताना मी तिथे नसेन याचं वाईट वाटतं.

भिंगरीची आजी

ता. २८ जानेवारी

विहीणबाई,

रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

काल कपाट जोडायला काढलं. औषधवालीही हजर, नवराही हजर, आणि तो मेव्हणा पुन्हा दारात. मी सगळ्यांसाठी चहा टाकला होता. भिंगरीने आमची बाजू डावीकडे उभी केली, तुमची उजवीकडे. पहिली फळी घेतली, डावीकडून खाचेत सरकवली, उजवीकडे बघते तर खाच चार बोटं वर! तिने फळी तशीच तिरकी लावून धरली. दुसरी धरली, तीही तशीच. सगळ्याच तशाच! औषधवालीने त्या पहिल्या फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून बघितली, गंमत म्हणून, आणि बाटली घरंगळत आमच्या बाजूला आली. मेव्हणा हसला. मला त्याला चहाच द्यायचा नव्हता, पण दिला.

वरून मोजलंत तुम्ही! खांद्यावरून! कपाटाला खांदा असतो का हो? मी आमची बाजू जमिनीपासून करून घेतली ते स्पष्ट लिहिलं होतं तुम्हाला, दोन हात लांब पत्र लिहिलं, त्यात होतं ते! पण तुम्हाला आमचं पत्र वाचताना फक्त काठी दिसते आणि पुठ्ठा दिसतो. साच्याचा काही दोष नाही बरं का. साच्याने त्याचं काम चोख केलं. पहिली चूक त्याने मन लावून सात वेळा पाडली.

मी औषधवाल्यासमोर म्हटलंसुद्धा, "आमची बाजू बरोबर आहे, ही बघा." आणि म्हणताना मला, विहीणबाई, आतून इतकं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं, झालं आता, कुणाच्या घरात दुकान हा प्रश्नच मिटला. मग मी भिंगरीकडे बघितलं.

ती रडत नव्हती. रडली असती तर परवडलं असतं. ती एप्रन काढून घडी करत होती. घडी, तुमच्यासारखी, कोपऱ्याला कोपरा. औषधवाला म्हणाला की पुढच्या आठवड्यात कपाट नसेल तर तो लोखंडी रॅक आणणार आहे. भिंगरी "हो" म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणाली, "आजी, मी परत कारखान्यात जाते. तिथे कोणी मला दोन घरांत कापत नाही."

असं म्हणाली.

मी तुमची फळी उलटी करायला सांगितली. वरचं टोक खाली केलं तर खाचा जुळतात, माझ्या म्हातारीच्या डोळ्यांनाही दिसत होतं. पण मग पाठीची कापणी पुढे येते. उलटी करा, सुलटी करा, कुठे तरी अडतंच. प्लाय नवा आणायला वेळ नाही म्हणे. वेळ आहे, पण मन नाही, मला कळतं.

आणि हो, शेडला ओल आहे. तो कोपरा इथेच फुगला. मी भिंतीला टेकवून ठेवली होती फळी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. मला काही सुचत नाही. मला तुमचा इतका राग आला आहे, आणि दुसऱ्या कुणाला लिहावं असंही वाटत नाही.

भिंगरीची आजी

ता. ३० जानेवारी

विहीणबाई,

पत्र दोनदा वाचलं. चूक माझ्या रेघेची आहे. मी तुमचं पत्र नीट वाचलं नव्हतं.

पण तुम्ही लिहिलंत त्यात उत्तर आहे. माझी फळी उलटी केली की खाचा जुळतात, फक्त पाठीची कापणी चुकीच्या कडेला येते. म्हणजे ती फळी चुकलेली उजवी बाजू नाही. ती बरोबर असलेली डावी बाजू आहे. नव्या मुली दुकानात शिकायला यायच्या तेव्हा त्यांच्या हातून हेच व्हायचं. कापड उलट पडायचं आणि दोन्ही बाह्या डाव्या निघायच्या. त्या रडायच्या. मी म्हणायचे, दोन उजव्या काप, दोन सदरे होतील.

तुमच्याकडे दोन डाव्या बाजू आहेत. दोन उजव्या हव्यात. प्लाय मी घेतलाय. हे पत्र आजच्या शेवटच्या बसच्या कंडक्टरकडे देते, आणि उद्या पहिल्या बसने मी येते, टेम्पो मागून येईल. भिंगरीला बॅग भरू देऊ नका. काहीही कारण काढा. तुम्हाला जमेल.

भिंगरीची आजी

ता. ९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही इथून गेल्यापासून घर इतकं मोठं झालंय की मी स्वतःशीच बोलते आणि मागून कोणी बोललं असं वाटतं.

काय काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही होतातच. पण तुम्हाला दिसलं ते तुमच्या बाजूचं. माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगते.

तुम्ही पहिल्या बसने याल म्हणून मी भिंगरीला म्हटलं, "माझे गुडघे दुखतात, आजचा दिवस थांब." गुडघे खरंच दुखतात, पण त्या दिवशी नाही दुखले. आणि तुम्ही आलात त्या कशा! हातात पिशवी, गळ्यात मापाची फीत, आणि दारातूनच भिंगरीला म्हणालात, "दोन डाव्या बाह्या झाल्यात, उठ." पोरगी तशी उभी राहिली. मग हळूच हसली. मग दोन्ही फळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, एक माझी, एक तुमची उलटी केलेली, आणि दोन्ही हुबेहूब सारख्या. "आई गं," म्हणाली, "मला कसं नाही दिसलं!" मला इतका आनंद झाला आणि इतकं पोटात दुखलं, की हे मला का नाही सुचलं. पाच दिवस त्या फळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. तुम्ही तिकडे लांब बसून, कागदावर वाचून ओळखलंत. मी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली ती रागाने. तुम्ही "छान झालाय" म्हणालात तेव्हा आणखी राग आला.

पण मग खाचा पाडताना आपण दोघी त्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. तुम्ही खडू घेतलात आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "जमिनीपासून ना?" मी म्हटलं, "जमिनीपासून." तुम्ही टोकाला "पाया" असं लिहिलंत. बारीक अक्षरात. तुमचं अक्षर किती सुंदर आहे हो. माझं असं कोंबड्याच्या पायासारखं. तेही मला खुपलं. पण जरा कमी.

दोन कपाटं उभी राहिली. भिंगरी सातही फळ्यांवर एकेक बाटली ठेवत गेली आणि एकही हलली नाही. औषधवाल्याने एक नेलं. न्यायला मेव्हणा आला आणि पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला.

आणि मग तो विषय निघाला. भिंगरीच म्हणाली, "मी बोलले होते, ज्या घरात पहिलं उभं राहील तिथे. इथे उभं राहिलं. इथेच मांडते दुकान." शब्दाची पक्की, मिस्त्रींसारखी. तुम्ही खडू पिशवीत टाकलात. फीत गुंडाळत राहिलात. वाद घातला असतात तर मी जिंकले असते आणि झोपले असते. पण तुम्ही फीत गुंडाळत राहिलात, आणि भिंगरी बोलता बोलता त्या उरलेल्या कपाटाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबत होती. तो फुगलेला कोपरा. तिने घासून सपाट केलाय, पण अंगठा बरोबर तिथेच जात होता.

तेव्हा मी म्हटलं, "तिकडे मांड. इथे लाकूड फुगतं."

मी मोठ्या मनाने म्हटलं असं समजू नका. म्हटलं आणि उठून मोरीत गेले आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. आत नुसता जाळ झाला होता. रोज सकाळी ती तुमच्याकडे उठणार, तुमच्याकडे शिट्टी वाजवणार, तुमच्याकडे गाणं म्हणणार, जे माझ्याकडे ती कधी म्हणत नाही. आणि तुम्ही! "बरं केलंत" तरी म्हणायचं होतं. निघताना नुसतं म्हणालात, "सामानाची पिशवी मी भरते." मला वाटलं, घाई झालीये बाईला पोरीला घेऊन जायची. टेम्पोतून मशीन गेलं, चिमटे गेले, मिस्त्रींची पेन्सिलसुद्धा गेली. दुसरं कपाट भिंगरी मला ठेवून गेली. "तुझ्यासाठी, आजी." मला एवढ्या फळ्यांवर ठेवायला आहे काय? दोन पातळं नि एक डबा.

तर काल मी ते पुसायला घेतलं. वरून पुसत आले, कारण धूळ खाली पडते, पुसायचं मात्र वरूनच असतं, हे तुमचं मान्य. सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, पाठीला टेकून काहीतरी होतं. निळ्या अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं. वर गाठ. तशी गाठ भिंगरी बांधत नाही, ती नुसती दोरी गुंडाळून खोचते. ती गाठ तुम्ही कापडाच्या ताग्यांना बांधता, मी तुमच्या दुकानात बघितलीये.

सोडून बघितलं तर साचा.

राउटर तिकडे आणि साचा इकडे! मी खाली बसले ती बसलेच. विसरला म्हणावा तर विसरलेली वस्तू कोणी अस्तरात बांधून ठेवतं का? तो घेतल्याशिवाय तिला एक कपाट पुढे नेता येणार नाही. आणि तो न्यायचा तर कोणाला तरी इथे यावं लागणार. दर वेळी. तुमची दृष्टी फार लांबची आहे, बाई. मला तुमचा अजून राग आहे, आणि आता तो नीट करताही येत नाही. ही खोडी मला सुचायला हवी होती.

आज दुपारी भिंगरीचा फोन आला. "आजी, साचा तिथे राहिलाय का गं?" मी म्हटलं, "बघते बाई, पसारा फार आहे." मागून तुमचा आवाज आला, "सापडेल, सापडेल." मग पोरगी म्हणाली, "आम्ही दोघी येतो न्यायला."

साचा मी जागचा हलवला नाही. गाठ सोडली होती ती तशीच बांधायचा प्रयत्न केला, जमली नाही, तुम्ही आल्यावर शिकवा. वरच्या फळीवर तुमच्यासाठी एक उशी काढून ठेवलीये, कारण माझ्या लाकडी बाकावर तुमची पाठ धरते हे मी बघितलं होतं, बोलले नव्हते. आणि परत निघताना सामानाची पिशवी तुम्हीच भरा.

बुधवारी येतो म्हणालात, दोघी. बुधवार म्हणजे परवाच.

भिंगरीची आजी
(दोघींतली एक)